पिवळं कडं

माझ्या बायकोला ऑफिसात बुरशीबाई म्हणतात. रोगट पानं तिच्याकडे येतात आणि रोग कोणत्या बुरशीचा, तिचं नाव काय, हे ती ठरवते. घरच्या कुंडीतल्या गुलाबाचं दुखणंही ती मला नावानिशी ऐकवते, मी विचारलेलं नसताना.

त्या आठवड्यात मात्र ती गप्प होती. तिच्या थोरल्या भावाच्या नर्सरीतली संत्र्याची पानं तपासायला आली होती. त्यांवरचे ठिपके दोन बुरश्यांपैकी एकीचे. एक निरुपद्रवी, नुसती पानात मुक्काम ठोकणारी. दुसरी निघाली तर नर्सरीतलं प्रत्येक कलम जाळायचं, असा नियम. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. पण काचेच्या प्लेटमध्ये ओटच्या पेजेवर वाढवलं की घातक बुरशी आपल्याभोवती पिवळं कडं सोडते. तोवर थांबायचं.

एरवी थांबण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. या वेळी तिचा पाय घरात ठरेना. जेवता जेवता उठायची, चाव्या शोधायची, पुन्हा बसायची. सुट्टीच्या दिवशीही लॅबमध्ये जाऊन आली. मी म्हणालो, "तू बघत बसलीस म्हणून ती लवकर वाढणार आहे का?" तिने असं पाहिलं की मी मुकाट्याने भांडी घासायला घेतली.

दादाचा रोज फोन, स्पीकरवर. "वाढली का गं?"

"हळूहळू वाढतेय."

"हळू ना? मग सौम्यच असणार. जीव भांड्यात पडला बघ."

फोन ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सौम्य बुरशी भराभर वाढते. सावकाश वाढते ती दुसरी.

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"कडं अजून आलेलं नाही," ती म्हणाली. "येणारही नाही कदाचित."

आपला अंदाज साफ चुकावा, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

कडं आलं. संध्याकाळी तिने चपला न काढताच फोन लावला.

"दादा, घातकच आहे."

मला त्या बुरशीचा राग आला, आणि खरं सांगायचं तर बायकोचाही.

"नीट पाहिलंस?"

"चार प्लेटा लावल्या. तुझी पानं होती म्हणून."

"दुसऱ्याची असती तर?"

"दोनवर भागवलं असतं."

दादा खाकरला. "उद्या ये तू," तो म्हणाला. "जाळायचं खरं, पण मला एकट्याला काडी ओढवणार नाही."