सु दोन, उ दोन

वर्षाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला फेस तसाच होता. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. आणि मी काय विचारावं? "कोण म्हणालं?" ती म्हणाली, "मी त्यांच्याजवळच बसलेय काका." दादाराव दुपारी जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. माहेरी आलेल्या लेकीनं चहासाठी हाक मारली तेव्हा कळलं. या गोष्टीला आता पाच आठवडे होत आले, पण बापाच्या मरणाचा पुरावा मी लेकीकडे मागितला, हे काही माझ्या मनातून जात नाही.

दादाराव माझे धाकटे साडू. माझी बायको सुमन थोरली, त्यांची शांता धाकटी. मी हिंगोलीत राहतो, ते डोंगरकड्याला. माझी सारी नोकरी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून झाली. फाट्यावर बस थांबवून मी वर चढलो की कोण एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो, कोण झोपेचं सोंग घेतो, कोण उगाच लेकराला दटावतो, यावरून मला सगळं कळायचं. निवृत्तीच्या दिवशी पंच आणि बिल्ला परत केला, पण डोळा कुणी जमा करून घेतला नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर माझा संशय, डॉक्टरच्या गोळ्यांवर संशय. सुमन म्हणते, तुम्ही आरशातसुद्धा आधी मागे कोण उभं आहे ते बघता. असा मी. आणि नशिबानं साडू मिळाला तो विणकाम करणारा.

कळमनुरीला मुलींच्या एका शाळेत ते शिपाई होते. तास संपला की घंटा द्यायची आणि मधल्या वेळात व्हरांड्यातल्या स्टुलावर बसायचं. त्या स्टुलाच्या मागच्या खिडकीत शिवण-विणकामाचा वर्ग भरे. बाई आत मुलींना शिकवत आणि हे बाहेर बसून ऐकत. सुया मागायची लाज वाटली म्हणून सायकलच्या दोन तारा काढल्या, दगडावर घासून टोकं बोथट केली आणि मुलींच्या टाकून दिलेल्या लोकरीच्या तुकड्यांवर हात बसवला. वर्षाअखेरीला बाईंनी मुलींनी विणलेल्या पायमोज्यांच्या जोड्या मेजावर मांडल्या तर त्यात एक जोडी जास्तीची निघाली. ती कुणाची हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, असं दादाराव हसत सांगायचे. मी तेव्हाच मनात म्हटलं, हा माणूस दिसतो तेवढा साधा नाही.

त्यांना विणताना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर एप्रिलमध्ये. बाहेर ऊन असं की केळीच्या बागांनी माना टाकलेल्या, आणि हा गृहस्थ ओट्यावर लाल लोकरीचा गुंडा मांडीत घेऊन बसलेला. तळहाताला घाम येऊन लोकर चिकटू नये म्हणून खडूची पूड लावलेली. मी विचारलं, "कुणासाठी चाललंय?"

"कोनासाठी न्हाई."

"मग काहून?"

"हाताला बरं वाटते, साडू."

हाताला बरं वाटतं! हे काय उत्तर झालं? आपल्याकडे थंडी पडून पडून पडते किती, डिसेंबर-जानेवारीचे मोजके दिवस. त्यासाठी बारा महिने सुया चालवणारा माणूस काहीतरी लपवत असणार, हे माझ्या धंद्याचं गणित होतं. त्यात पुन्हा ते विणलेलं उसवायचे. चांगला गळ्यापर्यंत आलेला स्वेटर, एक टोक धरून ओढायला लागले की ओळीमागून ओळ सुटत जायची आणि त्यांच्या चेहऱ्यावर विणताना असायचा त्याहून जास्त आनंद. उसवलेली लोकर कुरळी होऊन येते. ती धुऊन, दोरीवर टांगून, खाली पाण्याचा तांब्या बांधून सरळ करायची आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरू. मला ते पुरावा नष्ट करणाऱ्या माणसासारखं वाटायचं. कुणाच्या बाळंतपणाला टोपडं, कुणा म्हाताऱ्याला मफलर असं ते देतही असत, पण देण्यासाठी विणतात असं काही दिसायचं नाही.

एकदा त्यांनी मला लोकरीची लडी धरायला बसवलं. दोन्ही हात पुढे करायचे, लडी मनगटांवर चढवायची आणि समोरचा तिचा गुंडा करत जाणार. बेड्या घातल्यासारखा मी बसलो. नाकावर माशी बसली तरी हाकलता येईना. ते गुंडाळताना बोलत होते. नांदेडला लोकर घ्यायला गेलं की रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघायचा नाही, दाराशी उन्हात नेऊन बघायचा. नव्या लोकरीचा वास पहिल्या दिवशीच घ्यायचा, दुसऱ्या दिवशी तो आपल्या घराचा होतो. सुयांचा आवाज एका लयीत लागला की डोक्यातलं सगळं बंद पडतं, घंटा द्यायचीसुद्धा आठवण राहत नाही. "एकदा तर पोरींचा गणिताचा तास दोन तास चालला की हो," ते म्हणाले. मी हसलो. खरं सांगायचं तर तो अर्धा तास मला बरा गेला... पण घरी आल्यावर सुमनला म्हणालो, माणूस एवढा गोड बोलतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि मग ती चिठ्ठी सापडली. डोंगरकड्याला मुक्काम होता. दोघांचेही सदरे पांढरे, एकाच खुंटीवर टांगलेले. सकाळी निघताना मी चुकून त्यांचा अंगात घातला. बसमध्ये खिशात हात गेला तर वहीच्या कागदाची घडी. वर लिहिलेलं, सु २ उ २. खाली ८४. त्याखाली ८१, मग ७८, मग ७५, असे उतरते आकडे. मटक्याच्या अशा चिठ्ठ्या मी बसमध्ये लोकांच्या टोपीत, चपलेत, पानाच्या डब्यात पाहिल्या होत्या. उ म्हणजे उघडा, म्हणजे ओपन. सु म्हणजे सुटला. आणि हो, हा माणूस विणताना ओठांतल्या ओठांत आकडेच पुटपुटत असतो की! मध्ये कुणी बोललं तर हात वर करून थांबवतो.

इथं एक सांगायला हवं. आमच्या सासऱ्यांनी आकड्याच्या नादात घरातली भांडीसुद्धा राहू दिली नव्हती. सुमन आणि शांता या दोघी बहिणी पत्र्याच्या डब्यात भात शिजवून मोठ्या झाल्या. त्या घरच्या लेकीसमोर मटका हा शब्द काढणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. म्हणून मी आधी खात्री करायची ठरवली. दादाराव दर गुरुवारी वारंगा फाट्यावर जातात एवढं ठाऊक होतं. तीन गुरुवार मी गेलो. रस्त्याच्या कडेला टायरचं दुकान आहे, त्याच्या ढिगामागे उभा राहिलो. समोर हॉटेल. मुंजाजी नावाचा भरघोस मिशांचा माणूस ते चालवतो, ट्रक ड्रायव्हरांना अशा आवाजात हाका मारतो की गाडी आपोआप थांबावी. दादाराव मागच्या बाकावर पिशवी घेऊन बसायचे. तिसऱ्या गुरुवारी मुंजाजी इकडे-तिकडे बघत त्यांच्याजवळ आला, दादारावांनी एक चिठ्ठी दिली आणि त्यानं ती झटकन बंडीत घातली. झालं. आणखी काय हवं?

मी शांताला सांगितलं. सुमन नको नको म्हणत असताना सांगितलं. शांता आत गेली, लोकरीची पिशवी आणली आणि नवऱ्यासमोर आदळली. दादाराव म्हणाले, "अगं, सु म्हंजे सुलट, उ म्हंजे उलट. टाके हायेत ते. टोपीचे. वर निमुळती होते ना, म्हून कमी कमी." त्यांनी टोपीसुद्धा काढून दाखवली. मी म्हटलं, एवढं तयार उत्तर खोट्या माणसाकडेच असतं. "मग त्या हॉटेलवाल्याला चिठ्ठी काहून दिली?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्येलाच इचारा साडू."

मी विचारलं नाही. सामील असलेला माणूस खरं सांगत नसतो, हे मी आयुष्यभर पाहिलेलं. शांतानं पिशवी कपाटात कोंडली, किल्ली कमरेला लावली आणि फाट्यावर पाय टाकायचा नाही अशी शपथ घातली. दादारावांनी ती पाळली.

पुढची अडीच वर्षं मी त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत असायचं. मला वाटायचं, बघा, आकडे मोजायची सवय जात नाही. शेवटची भेट बसमतला झाली, वर्षाच्या नव्या घरी. जेवणं झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. अंगानं बरेच उतरले होते. म्हणाले, "साडू, वारंग्याला गेल्ते का कदी इतक्यात?"

"माझं काय काम तिकडे?" मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. आणि पाणी आणायला उठले. एवढंच. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच...

ते गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं बरीच आली. शाळेतल्या जुन्या मुली, आता त्यांच्याही डोक्यात पांढरे केस, फोटोपुढे मेणबत्ती लावून रडत होत्या. मटका खेळणाऱ्या शिपायासाठी इतक्या बायका रडतील का, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि पहिल्यांदाच मला माझ्या डोक्याचा संशय आला. परतताना मी वारंग्याला उतरलो. मुंजाजीनं मला खालून वर पाहिलं.

"जय भीम साहेब. तुमी दादारावचे साडू ना? टायरामागं हुबे राहायचे ते?"

"तुम्हाला दिसत होतो?"

"पांढरा सदरा घालून काळ्या टायरामागं हुबं राहिल्यावर दिसंलच की. मी म्हणलं दादारावला, जाऊन इचारू का काय पायजे? तर म्हणले, राहू दे, त्यायचाबी टाईम चांगला जाऊन राहिला."

मी चिठ्ठीचं विचारलं. तो गल्ल्याच्या मागे वाकला आणि एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून दोन सुया काढल्या. त्यांच्यावर हिरव्या लोकरीचं अर्धवट काहीतरी लटकत होतं. दादारावांनीच शिकवलं होतं. पहाटे भट्टी पेटेपर्यंत गिऱ्हाईक नसतं, तेवढा वेळ विणतो म्हणाला. चिठ्ठीत टोपीचे टाके लिहून घेतले होते. "डायवर लोकाला कळलं तर दात काढतीन ना साहेब. मी शपथ घातली व्हती, कोनाला सांगू नका. मग ते यायचेच बंद झाले. फोन केला तर म्हणले, गुडघे दुखून राहिले." त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "काहून हो? काही तकलीफ झाल्ती का माह्याकून?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यानं चहा दिला, तो मी प्यालो. खरं तर त्या क्षणीसुद्धा मी डब्याच्या तळाशी चिठ्ठ्यांची चळत आहे का, हे वाकून बघितलं. नव्हती. दुसऱ्याच्या लाजेसाठी या माणसानं स्वतःच्या हातातलं सुख सोडलं, बायकोचा राग घेतला, आणि मला मात्र खरं कळायचं दार उघडं ठेवलं होतं. त्येलाच इचारा. सारी नोकरी मी लोकांना तिकीट मागत फिरलो आणि ज्यानं आपणहून पुढे केलं, त्याचं तेवढं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगरकड्याला गेलो. शांता सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, मुंजाजीचंही. ती खडे काढत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक हाय दाजी."

"कधीपासून?"

"त्याच साली. ती टोपी घेऊन खालचे टाके मोजले म्या. चौऱ्यांशी भरले. तुमच्या चिठ्ठीत व्हते तेवढेच. कपाट उघडलं, पिशवी पुढ्यात ठेवली, हात जोडले त्यायला. तर म्हणले, राहू दे."

"का?"

"म्हणले, साडू जाऊन इचारू दे. तपासणीचा मानूस हाय, गेल्याबिगर राहायचा न्हाई. त्यानं येऊन बराबर हाय म्हणलं की घेतो हातात." तिनं सूप खाली ठेवलं. "मी म्हणलं, मीच सांगते दाजीला. तर नको म्हणले. सांगून पटनारा मानूस न्हाई, पाहूनच पटते त्याला. दर गुरुवारी वाट पाहायचे तुमची."

माझ्या शंकेवर जगात एवढा विश्वास दुसऱ्या कुणी ठेवला नसेल. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पाहिलं.

ती उठली. कपाटाला कुलूप नव्हतं. पिशवी काढून तिनं माझ्यासमोर चटईवर ठेवली आणि कड खाली केली. आत निळी लोकर होती, आणि दोन सुयांवर एक ओळ अर्धी झालेली, अडीच वर्षांपूर्वी थांबली होती तशीच. मी खाली वाकलो. "बराबर आहे," मी म्हणालो. ते कुणाला म्हणालो, मलाच कळलं नाही. मी सुयांकडे हात नेला.

"हात नका लावू दाजी," शांता म्हणाली, "टाके सुटतीन."