शेंगावालीची आरोळी

सातवीत शाळा सोडून गावापासून लांब, चुडाव्याला मी कामाला आले. बाईवर हात टाकल्याबद्दल तुरुंग भोगून आलेला एकजण, स्टेशनावर गाडीची वाट बघत बसले की, रोज माझ्याजवळ सरकायचा. भीतीनं मी काम सोडणार होते. तेव्हा शेंगा विकणाऱ्या मावशीनं मला आपल्या टोपलीमागं बसवलं. तो दिसला की सूप आपटत ती ओरडायची, "गरम शेंगाऽ! सरकारनं कायदा कडक केलाय दादा, दुसऱ्यांदा गुन्हा केला की लय वर्षं आत! शेंगाऽ!"

सगळे हसायचे. तो लांबच्या बाकावर जायचा.

मावशी म्हणायची, "कायदा मुंबईत बसलाय, पोरी. फलाटावर त्याला आपणच आणावं लागतंय."

नाव ठाऊक नसलेली ती मावशी एकदा आली नाही. तो जवळ येऊ लागला. मीच ओरडले, "गरम शेंगाऽ!"

पुढचं त्याला पाठ होतं. तो बाकाकडं वळला.