मळमळ थांबल्यावर

“उलट्या बंद झाल्या म्हणून सोनोग्राफी?” रिसेप्शनवरच्या मंजूने चिठ्ठी पुन्हा वाचली. “काकू, उलट्या बंद होणं तर चांगलं असते.”

“तुले चांगलं असन,” काउंटरपलीकडची बाई म्हणाली. “आमाले नाही.”

धंतोलीतल्या आमच्या सेंटरमध्ये सोमवारी अपॉइंटमेंटशिवाय कोणाला घेत नाहीत. मी सोनोलॉजिस्ट आहे, म्हणजे सोनोग्राफी करून रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर. केबिनचं दार उघडं असल्यामुळे हा संवाद मला ऐकू आला. बोलणाऱ्या बाईंचं नाव शेवंताबाई. त्यांच्या मागे त्यांची सून वैशाली ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. दोघी पारशिवनीहून पहिल्या बसने आल्या होत्या. वैशालीला तिसरा महिना लागला होता.

मी दोघींना आत बोलावलं.

“काय त्रास आहे?”

“त्रास नाही, तोच त्रास हाये,” शेवंताबाई म्हणाल्या. “पोरगी दिवसभर ओकत होती. पाण्याचा घोट ठरत नव्हता. शुक्रवारपासून एकदम बंद. मी रोज सकाळी लसूण-मिरचीची फोडणी देऊन पाहिली. आधी त्या वासानं परसात पळे. आता सारं घर खोकून राहिलं, इले काहीच नाही.”

“आई, राहू द्या ना.”

“काहून राहू देऊ वं? डॉक्टरीणबाईपासून लपवतं का?”

वैशालीने फाइल पुढे केली. आधीच्या खेपेचा रिपोर्ट त्यात होता. तेव्हाही दोन महिने उलट्या झाल्या आणि मग थांबल्या. घरात सगळ्यांना बरं वाटलं. वैशाली पोटभर जेवू लागली. शेजारणी म्हणाल्या, तोंडावर तेज आलं. पुढे ठरल्या तारखेला सोनोग्राफी झाली, तेव्हा बाळाचं हृदय बंद होतं. वाढीवरून ते बरंच आधी थांबलं असावं. आमच्या भाषेत याला मिस्ड मिसकॅरेज म्हणतात. गर्भ आत दगावतो, पण रक्तस्राव होत नाही, पोट दुखत नाही. बाईला काही कळत नाही.

त्या दिवसांत आपण भाकरी मागून खाल्ली, हे वैशालीला विसरता आलं नव्हतं. या खेपेला उलटी झाली की ती चूळ भरून हसायची, असं शेवंताबाईंनी सांगितलं.

गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यापायी आम्ही नातेवाइकांना मशीनच्या खोलीत घेत नाही. शेवंताबाई बाहेर थांबल्या. जाताना सुनेला म्हणाल्या, “मी इथंच हावो.”

सिस्टरने विचारलं, लघवी भरलीय का. सुरुवातीच्या महिन्यांत मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय नीट दिसतं.

“कन्हानपासून रोखून धरली, ताई,” वैशाली म्हणाली. “बस गचके देऊन राहिली होती. आता हसवू नका.”

तोवरचं तिचं हे सर्वांत लांब बोलणं होतं. जेल लावल्यावर तिने मान भिंतीकडे वळवली. समोर पेशंटसाठी वेगळा स्क्रीन आहे.

“पाहायचं नाही का?”

“तुमी आधी सांगा. मंग पाहीन.”

प्रोब पोटावर ठेवला. गर्भाची पिशवी दिसली. आत बाळ दिसलं. छातीच्या जागी बारीक फडफड चालू होती. मी मापं घेण्याआधी सांगितलं, “ठोका आहे.”

ती वळली नाही. “पुन्हा पाहा.”

पुन्हा पाहिलं. “आहे. वाढही तारखेप्रमाणे आहे.”

मग तिने मान वळवली. मी एम-मोड लावला. त्यात हृदयाची हालचाल स्क्रीनवर लाटांच्या रेघेसारखी उमटते.

“आवाज ऐकवा ना, मॅडम.”

“इतक्या लवकर आवाज लावत नाही. आवाजाच्या तपासणीत बाळाजवळची जागा गरम होऊ शकते. रेघ पाहा.”

ती रेघ पाहत राहिली. सिस्टरने टिश्यू पेपर पुढे केला. तो तिने पोटाऐवजी डोळ्यांना लावला.

“मंग उलटी काहून नाही?”

हा प्रश्न रास्त होता. मी तिला सांगितलं ते असं. गर्भ रुजला की एचसीजी नावाचं हार्मोन रक्तात झपाट्याने वाढतं. घरच्या प्रेग्नन्सी किटवर दोन रेघा येतात त्या त्यामुळेच. मळमळ बहुधा त्याच्या चढत्या प्रमाणाबरोबर वाढते. दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन. त्याने झोप येते, थकवा येतो, पोट साफ होत नाही, छाती जड होऊन दुखते. सुरुवातीला प्रोजेस्टेरॉन अंडाशयातून येतं. तिसऱ्या महिन्यात वार, म्हणजे प्लासेंटा, ते काम हाती घेते. त्याच सुमारास एचसीजी उतरू लागतं. मग अनेकींची मळमळ कमी होते. काहींची एका रात्रीत जाते. काहींना ती मुळात होतच नाही. उलटीवरून बाळाची खुशाली ठरवता येत नाही.

“म्हणजे ते हार्मोनचं होतं,” ती हळू म्हणाली. “मले वाटे, बाळच सांगून राहिलं, मी हावो म्हणून.”

मी रिपोर्ट टाइप करत होते. ती उठून बसली, पण कॉटवरून उतरली नाही.

“आता मले कसं समजन, मॅडम?”

“काही दिवसांनी पुढची सोनोग्राफी आहे.”

“तवरी?”

“तोवर काही कळणार नाही. हालचाल पाचव्या महिन्यात जाणवते. रक्त गेलं किंवा पोट दुखलं तर लगेच डॉक्टरकडे जा. नाहीतर काही वाटत नाही, याचा अर्थ काही बिघडलं असा होत नाही.”

तिला हे उत्तर पुरलं नाही. गरोदरपणात असे काही आठवडे असतात. मळमळ गेलेली असते, पोट दिसत नसतं, आतून काही हललेलं नसतं. आमच्या पुस्तकांत या काळाला सुखाचा काळ म्हटलं आहे.

बाहेर शेवंताबाई बाकावरून उठल्या. “काय झालं वं?”

“हाये,” वैशाली म्हणाली.

शेवंताबाई परत खाली बसल्या. “बाथरूम कुठं हाये, बाई?” त्यांनी मंजूला विचारलं. “इच्याबरोबर मीबी रोखून बसली होती.”

पुढची तपासणी ठीक निघाली. पाचव्या महिन्यात वैशाली पुन्हा कॉटवर होती. आता तिने सुरुवातीपासून स्क्रीनवर डोळे लावले होते. बाळाने पाय झाडला.

“आत्ता लाथ मारली?”

“हो.”

तिने पोटावर हात ठेवला. “मले नाही समजलं.”

वार पुढच्या बाजूला होती. अशा वेळी ती उशीसारखी मध्ये येते आणि लाथ उशिरा जाणवते. तिला तसं सांगितलं. अजून दोन-तीन आठवडे लागतील, म्हटलं.

“अजून एकदा मारते का, पाहा ना.”

मी प्रोब धरून थांबले. बाळाने पाठ फिरवली. ती हात न काढता वाट पाहत राहिली.

रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिलं, “हालचाल व्यवस्थित.” बाळ जिवंत आहे हे आईच्या आधी मशीनला कळतं. त्यावर आईचं समाधान होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.