पंचावन्नच्या पुढची थरथर

आधी माफी मागतो. इथे लिहिणारे तुम्ही सगळे अनुभवी, छान लिहिणारे. मी आजवर नुसता वाचत आलो. शाळा सुटल्यापासून मराठीत सलग पानभरसुद्धा लिहिलेलं नाही. आणि अमानवीय गोष्टींवर बोलायचा तर मला काहीच अधिकार नाही, कारण माझा त्यांवर विश्वासच नाही... नव्हता म्हणू की नाही, हे अजून ठरत नाही. पण जे झालं ते कुणाला तरी क्रमाने सांगितल्याशिवाय मला अभ्यास सुचत नाहीये. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोय. घर वाशीमकडचं, वडिलांची पिठाची गिरणी आहे. आमच्यात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे "मला हे येत नाही" असं माझ्या तोंडून लवकर निघत नाही. एवढं शिकलाय म्हणजे येतच असणार, असं घरी सगळ्यांना वाटतं. इथे जोगळेकर काकूंनाही तसंच वाटलं. काका-काकूंची ओळख गणपतीत झाली, तेव्हापासून रविवारचं जेवण त्यांच्याकडे असतं.

"मेकॅनिकल म्हणजे गाड्याच ना रे?" काकूंनी पोळी वाढताना विचारलं. "ईशाची गाडी बघ जरा. हायवेला लागली की थडथड उडते."

खरं सांगायचं तर माझं सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं — पंपातून पाणी कसं वाहतं याचं. पाना मी हातात धरला असेल तो सायकलसाठी. पण ताटात तूप लावलेली पोळी पडलेली... म्हणालो, "बघतो ना काकू."

ईशा त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. माझ्याहून मोठी म्हणून मी सुरुवातीला ताई म्हटलं, तर म्हणाली, "प्लीज डोन्ट. आय फील लाइक फिफ्टी." माझं नाव गजानन, ती गॅज म्हणते. तिला रेडमंडमध्ये नोकरी लागली होती आणि तिने आपली वीसेक वर्षं जुनी, चौकोनी, हिरवी फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन एकटीने तिकडे जायचं ठरवलं होतं. मिशिगनपासून पार पश्चिम टोकाच्या वॉशिंग्टन राज्यापर्यंत. मधले डोंगर, तंबू, सगळं ठरलेलं. गाडी रस्त्यात दगा देणार नाही एवढं मी सांगायचं होतं. म्हणजे तिच्या जिवाचा भरवसा काकू माझ्याकडे मागत होत्या.

पहिल्यांदा मी तिच्या शेजारी बसून गेलो. आय-९४ हायवेवर, जॅक्सन गावाच्या दिशेने. पन्नासपर्यंत गाडी लोण्यासारखी. पंचावन्न मैलांच्या पुढे काटा गेला आणि आधी आरसा थरथरला, मग स्टिअरिंग, मग अख्खी गाडी. दात वाजत होते माझे. कॉफी उडून माझ्या मांडीवर. तिने वेग पार कमी केला तेव्हा थांबलं.

"सी?" ती म्हणाली. ती शांत होती. मी रामराम म्हणत होतो.

याला इथे डेथ वॉबल म्हणतात. अशा जुन्या गाड्यांना पुढची दोन्ही चाकं जोडणारा एकसंध ॲक्सल असतो. एखादा सांधा ढिला झाला किंवा टायरचा बॅलन्स गेला की तो झोके घ्यायला लागतो. हे मी त्याच दिवशी इंटरनेटवर वाचलं आणि पुढच्या रविवारी वरण-भातावर अधिकाराने सांगितलं. काका खूश. "बघ, मुलगा तयार आहे!"

टायर बॅलन्स करून घेतले. थरथर तशीच. पुढचे टायर मागे टाकले. तशीच. ॲक्सलला जागेवर धरणारा ट्रॅक बार गॅरेजवाल्याने नवीन घातला. मग स्टिअरिंगचे धक्के शोषणारा डँपर. तशीच. काकूंनी वैतागून मीठ-मोहरी मुठीत घेऊन गाडीभोवती ओवाळली, तर काका ओरडले, "अगं मीठ काय गाडीवर! हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने आधीच खालून गंजलीय!" शेजारचे एक गृहस्थ कुत्रं घेऊन थांबले होते, त्यांनी अदबीने विचारलं, हे बर्फासाठी आहे का. तेव्हा उन्हाळा होता. आम्ही सगळे खूप हसलो. ईशा सगळ्यात जास्त.

मग गॅरेजवाल्याने स्वतः चालवून पाहिली आणि म्हणाला, गाडीत काही नाही. माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. त्याच संध्याकाळी, उजेड असताना, मी तिच्याकडून चावी घेतली. ती शेजारी बसली. साठ, पासष्ट, सत्तर... कपातली कॉफी हलली नाही.

"ड्यूड, यू फिक्स्ड इट!" तिने टाळी मारली. एक्झिट घेऊन आम्ही जागा बदलल्या आणि परत निघालो. पंचावन्नच्या पुढे — आरसा, स्टिअरिंग, दात.

आमचे सर एकच गोष्ट घोकून घेतात: एका वेळी एकच गोष्ट बदला. मी तेच केलं. तोच रस्ता, तीच लेन, तोच वेग, क्रूझ कंट्रोल लावून. मी चालवली: काही नाही. काकांनी चालवली: काही नाही. वजनाचा प्रश्न असेल म्हणून साधारण ईशाच्याच वजनाच्या काकूंना चालवायला बसवलं. त्या पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत सत्तरने गेल्या. काही नाही. ईशा चालवायला बसली की थरथर. तिची पकड घट्ट असेल म्हणून तिला म्हटलं, नुसते तळवे टेकव. मी तिच्या हातांचा व्हिडिओ काढला. हात सैल, स्थिर होते. ते स्टिअरिंगला हलवत नव्हते, स्टिअरिंग त्यांना हलवत होतं.

एकच गोष्ट बदलायची राहिली होती. गाडी.

काकांची सेडान जवळजवळ नवीन. तिला तो ॲक्सलच नाही, डेथ वॉबल तिला होऊच शकत नाही. मी मागे बसलो, काका पुढे, ईशा चालवायला. पंचावन्नच्या पुढे गेलो आणि माझ्या पायाखालची जमीन... म्हणजे खरंच, पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. काकांनी डॅशबोर्ड धरला. ईशाने गाडी रस्त्याकडेच्या शोल्डरला घेतली.

घरी काकूंनी विचारलं, "काय रे? काय निघालं?"

खोटं सांगायचं मनात आलं. पण जमलं नाही. "काकू, गाडीत दोष नाही. कुठल्याच गाडीत नाही. फक्त ही चालवते तेव्हा होतं."

"सो आय ॲम द डिफेक्टिव्ह पार्ट? ग्रेट. थँक्स, गॅज."

"तसं नाही... पण तू गाडीने जाऊ नकोस. प्लीज. मला कारण माहीत नाही. पण जाऊ नकोस."

"सम सायंटिस्ट!" ती उठून वर गेली. काका माझ्याकडे बघेनात. काकू मात्र हातातलं भांडं ठेवून जिन्याकडे बघत राहिल्या. मग खालूनच म्हणाल्या, "ईशा, निघायच्या आधी डॉक्टरकडे जाऊन यायचं. त्याशिवाय मी तुला दाराबाहेर पडू देणार नाही."

"फॉर व्हॉट, आई? मला काहीही होत नाहीये!" एवढं मात्र ती मराठीत बोलली.

त्यानंतर मला रविवारचं बोलावणं आलं नाही. पुढच्याही रविवारी नाही. मेसेजला उत्तर नाही. मी समजलो, पोरीला नावं ठेवली म्हणून दुखावले. परदेशात आपलं म्हणावं असं एकच घर होतं, तेही मी घालवलं. या दिवसांत मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला. सरांना दाखवला, ते म्हणाले रस्ता खराब असेल. गॅरेजवाल्याने नुसते खांदे उडवले. दोन वेगळ्या गाड्या, एकच माणूस... मला ज्ञात असलेल्या कुठल्याही गणितात हे बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला बसवता आलं तर जरूर सांगा. मी थट्टा करून घ्यायलाही तयार आहे.

काल मी बसमध्ये असताना काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"गजानन... कळवायला उशीर झाला रे. शुद्धच नव्हती आम्हाला. तिच्या आईने हट्टाने नेलं. डॉक्टरांनी सहज डोळे तपासले, त्यांना काहीतरी वेगळं दिसलं, म्हणून स्कॅन केला. मेंदूत गाठ होती. ऑपरेशन झालंय. बोलतेय ती, ओळखतेय सगळ्यांना."

मी पुढच्याच स्टॉपवर उतरलो.

"ते म्हणाले, कुठल्याही क्षणी फीट आली असती. रस्त्यात, गाडी चालवताना..." काकांनी नाक ओढलं. "आणि सारखं एकच विचारतायत. डोकेदुखी नाही, चक्कर नाही, तक्रार कसलीच नाही. मग तपासायला आणलंत कशावरून? काय सांगू रे त्यांना?"