डॉक्टरांपुढे माझं कौतुक

मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवता न येण्याचा त्रास, असावा अशी शंका आल्यावर मानसोपचारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी आणा. तेव्हाही त्रास होता का, ते कळल्याशिवाय निदान करता येत नाही." आई आता नाही, म्हणून पप्पांना विचारलं. खराडीच्या ऑफिसात माझ्या अर्धवट कामांनी साहेबांचा धीर संपत आला होता. उपचार लवकर सुरू झाले नाहीत तर नोकरी जाणार हे उघड होतं.

पप्पा आमच्या घराण्यातले पहिले सरकारी नोकर. लोक आपल्यात खोट शोधायला टपलेले असतात, हे त्यांनी आयुष्यभर सोसलेलं. बिबवेवाडीहून निघताना त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत माझी शाळेतली वक्तृत्वाची ढाल घेतली. दवाखान्यात ढाल!

"लहानपणी वस्तू हरवायची का?" बाईंनी विचारलं.

"छे! अहो, अतिशय हुशार मुलगी," म्हणत पप्पांनी ढाल टेबलावर ठेवली.

मी कपाळाला हात लावला. माझ्या कांदेपोह्यांच्या वेळीही ते असंच बोलले होते. तेव्हा मी पोहे आत विसरून रिकाम्या हातांनी पाहुण्यांसमोर जाऊन बसले होते, तरी लग्न जमलं. पण आज ही वकिली मला नडणार होती.

"छत्री वगैरे?"

"एकही हरवली नाही. मी दिलीच नाही कधी. रेनकोट दप्तराला दोरीनं बांधून द्यायचो."

"डबा विसरायची?"

"विसरली तरी उपाशी नाही राहिली. जेवणाच्या सुट्टीत मी सायकलवरून शाळेच्या फाटकाशी जायचो."

"अभ्यासाला एका जागी बसायची?"

"बसायची की. मी शेजारी असायचो ना. लक्ष उडालं की पुढचं वाक्य मी मोठ्यानं वाचायचो."

बाई भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी पेन ठेवलं. "काका, हे सगळं तुम्ही का करत होता?"

पप्पा ढालीकडे बघत राहिले. "नसतं केलं तर लोकांनी मूर्ख म्हटलं असतं हिला. ती मूर्ख नव्हती." मग म्हणाले, "या ढालीचं भाषणसुद्धा मध्येच विसरायची. मी पहिल्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायचो."

ते हलणारे ओठ मला आठवत होते. माझं भाषण त्यांना फार आवडतं म्हणून ते सोबत म्हणतात, असं मला वाटायचं. मी तिथेच रडले.

बाईंनी नीट समजावलं. हा आळस नाही, वळण लावण्यातली चूकही नाही. गोळी आणि काही सवयी यांनी बराच फरक पडेल. पप्पांनी मान डोलावली. रिक्षात ते ढाल मांडीवर घेऊन बसले. त्यांचं घर जवळ आल्यावर म्हणाले, "गोळी रोज सकाळी ना? विसरशील तू. मी फोन करीन."

नोकरी टिकली. आता सकाळी मोबाइलचा गजर होतो आणि त्याबरोबर मी गोळी घेते, फारसं विसरत नाही. त्यानंतर थोड्या वेळानं पप्पांचा फोन येतो, "घेतलीस?"

"बरं झालं आठवण करून दिलीत, पप्पा," मी म्हणते.