भास्करची एक-दोन अक्षरं

भास्कर गेल्याचं त्याच्या बायकोनं, सुनंदानं, मला फोनवर सांगितलं. राजूरहून राहुरीला कामावर यायला निघाला आणि अकोले स्टँडवरच छातीत कळ आली... "त्यांची आजची रजा मांडा सायेब," ती म्हणाली. करारावरच्या माणसाला रजा नसते, खाडा असतो. हे मी तिला सांगितलं नाही.

शोकसभेत संचालकांनी त्याला संस्थेचा आधारस्तंभ म्हटलं. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवून पुन्हा उभा करायचा आधारस्तंभ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आमची संस्था शेतातल्या मातीचे नमुने तपासते. जुने अहवाल संगणकात, फोल्डरच्या पोटात फोल्डर, असे गाडलेले. मी अधीक्षक, एकेक उघडत आत पोचेपर्यंत समोरच्या शेतकऱ्याची तंबाखू मळून व्हायची. भास्करनं एक लहानशी आज्ञावली लिहिली. काळ्या पडद्यावर फोल्डरच्या नावाची एक-दोन अक्षरं टाइप केली की थेट तिथं.

"याला कसं कळतं रे?"

"कळत काय न्हाई सायेब. आपन कुठं किती येळा गेलो, तेवढं ध्यानात ठेवतं. जिथं जास्त फेऱ्या, तिथं आधी नेतं."

"आणि जिथं जाणं सोडलं?"

"इसरतं हळूहळू. हापिसासारखंच हाय."

मी हसलो होतो. पाहुणे आले की संचालक ती अक्षरं स्वतः टाइप करून दाखवत आणि भास्कर पाण्याचे ग्लास फिरवी.

दर कराराला तो कायम करण्याचा अर्ज माझ्या हातात देई. "वर पाठवला का सायेब?" "पाठवला." पहिले दोन खरंच पाठवले. संचालक चिडले, म्हणून पुढचे माझ्या खणात राहिले... तेव्हा एवढं कारण मला पुरलं.

तो गेल्यावर एक अहवाल हवा होता म्हणून त्याच्या संगणकावर बसलो. अहवालाचा इंग्रजी 'ए' टाइप केला. अहवालांत तो रोज दहादा जायचा, तेच उघडतील अशी खात्री होती. उघडलं 'अर्ज'. म्हणजे इथं त्याहून जास्त फेऱ्या. आत नऊ अर्ज, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा आखूड. शेवटचा चारच ओळींचा. त्यात एक वाक्य : 'यापूर्वीचे आठही अर्ज मा. अधीक्षकसाहेबांनी वर पाठवले आहेतच.'

खणातले सात आता पाठवून कोणाला कायम करणार? रोज सकाळी मी त्याच्या खुर्चीत बसतो, 'ए' दाबतो. अर्ज उघडतात आणि तिथली एक फेरी वाढते. तो होता तेव्हा त्या फेऱ्यांत माझी एकही नव्हती.