फवारणीतली समाधी

तीन वर्षांपूर्वी सोयाबीनवर फवारणी करताना मी मरता मरता वाचलो, आणि मरायला टेकलेलो असताना मला वाटत होतं की मला आत्मज्ञान होतंय. लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

मी मुळात भित्रा. छातीत जरा कळ आली की मरणाच्या विचाराने माझी पाचावर धारण बसते. म्हणूनच मी मालेगावला शाळेतल्या माझ्या जुन्या गुरुजींकडे दर गुरुवारच्या बैठकीला जायला लागलो. त्यांचं सांगणं सोपं होतं. राग येवो, भूक लागो, भीती वाटो, लगेच स्वतःला विचारायचं, हे कोणाला होतंय? "शरीर म्हंजे निस्ता धुरा हाय, वावर नाही," ते म्हणत; धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. "इचारत राह्य. एक दिवस शरीर बाजूले पडते आन् तू पाह्यत राह्यतं."

त्या दुपारी आमच्या किन्हीराजा गावच्या शिवारात वारा तोंडावर होता. शहाण्या माणसाने पाठीवरचा पंप उतरवून ठेवला असता. मी उलट घामाने गुदमरतंय म्हणून तोंडाचा दुपट्टाही सोडला आणि ओळीमागून ओळ विचारत चाललो, हे चालतंय कोण?

चौथ्यांदा पंप भरून निघालो तेव्हा हात हलके झाले. तोंडाला लाळ सुटली, समोरचं सोयाबीन धूसर झालं. मांड्यांचं मांस आपोआप उडत होतं आणि ते मी लांबून बघतोय असं वाटलं. गुरुजी सांगत ते हेच! एरवी मी बोंब ठोकली असती. त्या दिवशी निंबाखाली मांडी घालून बसलो आणि आनंदाने रडलो.

पलीकडे निंदण करत असलेली बायको पाण्याची कॅन घेऊन आली.

"अवो, काय होऊन राह्यलं तुमाले?"

मी हसून विचारलं, "कोनाले?"

"तुमालेच! आनखी कोन बसलं हाय अठी?"

तिने माझा शर्ट टराटरा फाडला, कॅनमधलं सगळं पाणी अंगावर ओतलं आणि शेजारच्या शेतकऱ्याला हाका मारल्या. त्याच्या मोटारसायकलवर मला मध्ये बसवून, मागून घट्ट कवळ घालून ती मला मालेगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. फवारणीच्या औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला तिने आठवणीने घेतली होती.

वाटेत श्वास अडकायला लागला आणि माझी समाधी खाडकन उतरली. मग जी भीती आली तशी जन्मात आली नव्हती. मी विचारून पाहिलं, भीती कोणाला वाटतेय? बाजूला उभं राहून बघणारं कोणी नव्हतंच. नखशिखांत मीच होतो आणि मला जगायचं होतं. डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

चौथ्या दिवशी गुरुजी आले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"मी तुले डोये मिटाले सांगतलं नोतं रे," ते म्हणाले. "नीट पाह्य म्हनलं होतं."

मला त्यांचा भयंकर राग आला. ते गेल्यावर सलाईन मोजत पडल्या पडल्या मी पहिल्यांदाच तो प्रश्न खरा विचारला. निंबाखाली एवढा खूश कोण झाला होता? उत्तर यायला वेळ लागला नाही. गुरुवारी सगळ्यांसमोर मान ताठ करून 'मी पोचलो' असं सांगायला निघालेला एक माणूस होता तो. हरभऱ्याच्या झाडावर चढलेला. तोंडाला फेस आला होता आणि तो मनात वाक्यं जुळवत होता.

आणखीही एक दिसलं. बायको लांबून कॅन घेऊन धावत येताना मी पाहिली होती, आणि माझ्या मनात आलं होतं, ही आत्ताच कशाला तडमडली? थोडी उशिरा आली असती तर बरं झालं असतं.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आता दर फवारणीला ती हातातलं काम टाकून माझ्यावर नजर ठेवून बसते, आणि मला विषापेक्षा तिच्याकडे बघायची जास्त भीती वाटते.